मंगळवारचं शहर

नोकरीची दोन पत्रं हातात पडली आणि दोन्ही वेगवेगळ्या गावांची निघाली, की पहिले दोन दिवस घरात पेढे असतात आणि तिसऱ्या दिवसापासून सगळ्यांची झोप उडते. पुणं की बंगळुरू? आमच्या सोलापूरकडच्या कितीतरी घरांत हा प्रश्न सध्या जेवताना निघतो. माझ्या भाचीच्या घरीही निघाला आहे. सल्ला द्यायला तर सगळेच पुढे. कुणी हवेचं सांगतं: बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या आसपास उंचावर, तिथे भर उन्हाळ्यातही संध्याकाळ सुसह्य असते. कुणी म्हणतं, पुण्यात आपली माणसं, आपली नाटकं, आपला गणपती. पगाराची बेरीज-वजाबाकी तर केव्हाच झालेली असते.

या सगळ्यात खोटं काही नाही. पण गार हवा, नाटक, गड-किल्ले, बागा हे बहुतेक सुट्टीच्या दिवसाचं शहर आहे. माणसाला राहायचं असतं ते मंगळवारच्या शहरात. सकाळी आठला नळाला पाणी येतं का, डबा कोण देतं, बस किती वाजता भरते, रात्री घरी पोचल्यावर दोन शब्द बोलायला अंगात त्राण उरतं का, ते शहर. निवड करायची ती या मंगळवारावर नजर ठेवून, असं माझं ठाम मत आहे.

त्यासाठी आधी पत्रावरचा पत्ता नीट वाचावा. ‘पुणे’ एवढ्यावर काहीच कळत नाही. कंपनी हिंजवडीत असेल तर ती शहराच्या पश्चिमेला, खराडी किंवा मगरपट्ट्यात असेल तर पूर्वेला. कोथरूडला मावशी राहते म्हणून तिथे खोली घेतली आणि कचेरी खराडीत निघाली, तर रोज सगळं शहर आडवं कापत जायचं. बंगळुरूचंही तेच. व्हाइटफील्ड एका टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटी दुसऱ्या, आणि मधल्या सिल्क बोर्ड चौकाची कोंडी तर सगळ्या देशाला ठाऊक झालेली. व्हाइटफील्डची मेट्रो २०२३ मध्ये शहराच्या मधल्या भागाला सलग जोडली गेली, तेव्हापासून त्या मार्गालगत राहणाऱ्यांचा दिवस बदलला. मार्गापासून चार-पाच किलोमीटर आत राहणाऱ्याचा तेवढा बदलला नाही. एकाच शहरातल्या दोन गल्ल्यांमधला फरक हा कधीकधी दोन शहरांमधल्या फरकापेक्षा मोठा असतो.

हिंजवडीकडून वाकडच्या पुलाकडे येणारा रस्ता पावसाळ्यातल्या संध्याकाळी एकदा बघावा. गाड्यांचे लाल दिवे हलत नाहीत. दुचाकीवरचा मुलगा रेनकोटात भिजून पाय जमिनीवर टेकवून उभा, रिकामा डबा हँडलला लटकलेला. शेजारच्या बसमध्ये एक मुलगी खिडकीच्या काचेला डोकं टेकून झोपलेली, मांडीवर लॅपटॉपची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. जायला दीड तास, यायला दीड तास, असं धरलं तर महिन्याच्या बावीस दिवसांत सहासष्ट तास रस्त्यावर जातात. कचेरीचे आठ दिवस होतात ते. हा वेळ पगाराच्या कागदावर कुठेही लिहिलेला नसतो. म्हणून भाडं दोन-चार हजारांनी जास्त पडलं तरी कचेरीच्या जवळची खोली स्वस्त, असं मी भाचीला सांगितलं.

पाण्याचंही विचारून घ्यावं. बंगळुरूचं पिण्याचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, कावेरीतून, पंपांनी चढावर आणावं लागतं. जिथे ते पोचत नाही तिथे बोअर आणि टँकर. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअर आटले तेव्हा त्या भागांचे काय हाल झाले ते आपण वाचलं आहे. पुण्याला खडकवासला आणि पानशेतसारखी धरणं उशाला आहेत, तरी पश्चिमेकडच्या कितीतरी नव्या सोसायट्या टँकरवरच चालतात. तेव्हा प्रश्न शहराचा नाही, इमारतीचा आहे, आणि तो जिन्यात भेटणाऱ्या कुठल्याही काकूंना विचारला की खरं उत्तर मिळतं.

पैशाच्या दोन गोष्टी सांगून टाकतो. बंगळुरूत एके काळी दहा महिन्यांचं भाडं अनामत म्हणून मागत. आता आकडा उतरला असला तरी पाच-सहा महिन्यांचं सहज मागतात. पुण्यात बहुतेक ठिकाणी दोन-तीन महिन्यांत भागतं. नव्या नोकरदाराला पहिल्याच महिन्यात हा फरक जाणवतो. आणि महाराष्ट्राच्या नंबरची गाडी परराज्यात वर्षभराहून जास्त वापरायची असेल तर तिथे नव्याने नोंदवावी लागते, तिथला रस्ता कर भरावा लागतो.

आता ‘जवळ’ या मुद्द्यावर येतो, कारण आईवडिलांचा सगळा जीव त्यात अडकलेला असतो. पुणं सोलापुरापासून अडीचशे किलोमीटर. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरली की चार तासांत पोचता येतं. बंगळुरूला उद्यान एक्सप्रेसने रात्र गाडीत काढावी लागते. अंतर खरंच आहे, ते मनातून काढून टाका असं मी कुणाला म्हणणार नाही. पण रात्री दोन वाजता ताप चढला, तर चार तासांवरची आईही त्या वेळी पोचत नाही. तेव्हा दार वाजवायला शेजारी कोण आहे, रिक्षा बोलवून दवाखान्यात कोण नेईल, सकाळी मऊ भात कोण आणून देईल, हे महत्त्वाचं. अशी दोन माणसं बंगळुरूत असतील आणि पुण्यात एकही नसेल, तर त्या मुलीला बंगळुरूच जवळ आहे.

भाचीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू एकाच गल्लीत कानावर पडतात. तिची जिवाभावाची मैत्रीण घरी कन्नड बोलते. हिलाही भाजी घेण्याइतकी, रिक्षावाल्याशी बोलण्याइतकी कन्नड येते. ज्याला ती अजिबात येत नाही त्याने जाण्याआधी महिनाभर शिकावी. दुकानदाराला त्याच्या भाषेत ‘किती झाले’ एवढं विचारलं तरी तो नीट वर बघून उत्तर देतो. हे मी पाहिलं आहे, आणि पुण्यात मराठी शिकणाऱ्या बाहेरच्या मुलांच्या बाबतीतही पाहिलं आहे.

‘मामा, तू सांग ना, कुठे जाऊ?’ असं ती विचारते. माझा कौल बंगळुरूला आहे. तिथलं काम तिच्या शिक्षणाला धरून आहे, शिकवणारे वरिष्ठ आहेत, कचेरी मेट्रोच्या मार्गावर आहे आणि मैत्रिणीची थोरली बहीण तिथे आधीपासून राहते. हीच चार कारणं पुण्याच्या बाजूला असती, तर मी पुणं म्हटलं असतं. तरीही हा माझा कौल झाला, निर्णय तिचा.

आणि ज्यांच्या घरात आज हा प्रश्न आहे त्या आईवडिलांना एक विनंती. ‘पुणंच बरं’ किंवा ‘मोठ्या शहरातच जा’ असं आत्ताच बोलू नका. उत्तर द्यायला मुदत असेल तर मुलाला दोन्ही शहरांत एकेकदा जाऊन येऊ द्या, आणि तेही कामाच्या दिवशी. जिथे खोली घ्यायचा विचार आहे तिथून सकाळी नऊला निघून त्याने कचेरीच्या फाटकापर्यंत जावं, संध्याकाळी त्याच वाटेने परत यावं, तिथल्याच खाणावळीत जेवावं. तिकिटाचे पैसे तुम्ही द्या, आणि तो परत आल्यावर काय म्हणतो ते मधे न बोलता ऐकून घ्या.