निरुपाधिक दृष्टीचा निवाडा

छायाचित्रणाच्या डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या अगदी पुढ्यात एक निळसर काच कारखान्यातच बसवलेली असते, आणि मानवी डोळ्यास अगोचर असलेले अवरक्त किरण आत येऊ न देण्याचा व गडद तांबडा प्रकाशही बराचसा अडवण्याचा बंदोबस्त तिच्याकडे सोपवलेला असतो. परंतु मृगातल्या तेजोमेघाचा हायड्रोजन आपली तांबडी प्रभा 656.3 नॅनोमीटरवर, म्हणजे त्या पहाऱ्याच्या हद्दीतच, प्रकट करतो. म्हणून आकाशाचे उपासक ती काच काढवून घेतात, आणि 2005 साली कॅननने 20डीए हा कॅमेरा अशांसाठीच हा अटकाव शिथिल करून विक्रीस काढला. काच समूळ काढलेल्या कॅमेऱ्याने मात्र भर दुपारी पिंपळ टिपला, तर पानोपानी तांबूस झाक पसरते, वकिलाचा काळा कोटही पुष्कळदा जांभळट होतो, आणि मालक भिंगापुढे फिल्टर चढवून त्या बडतर्फ काचेचा कारभार पुन्हा सुरू करतो. मग यांतले सत्य चित्र कोणते?

उपाधीचा, म्हणजे शेजारच्या वस्तूवर आपला गुण भासवणाऱ्या घटकाचा, दाखला देताना वेदान्ती शुभ्र स्फटिकाशेजारी जास्वंदीचे फूल ठेवतात. फूल दूर केले की स्फटिकाची लाली मावळते. येथे सारेच उलट आहे. काचेची उपाधी दूर करताच लाली उपजते, आणि ही लाली भ्रम मुळीच नव्हे, कारण हिरवे पान अवरक्त प्रकाश खरोखरीच विपुल परावर्तित करते. ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेत विद्यमान वस्तूही अनुपलब्ध राहण्याची कारणे सांगितली आहेत. त्यांतल्या इंद्रियाच्या उणिवेचा पुरावा असा यंत्राने हाती दिला.

तरीही उघड्या सेन्सरला द्रष्ट्याची सनद बहाल करणे मला मान्य नाही. सिलिकॉनची दृष्टीही सुमारे 1100 नॅनोमीटरपाशी संपते. ज्या निरुपाधिकतेची एवढी भलावण होते ती जरा रुंद उपाधीच ठरते. आणि लग्नातला हिरवा शालू हिरवाच उमटावा हा यजमानाचा आग्रह (तो पैसेही त्याचेच देतो!) अज्ञान म्हणून निकालात काढता येत नाही, व्यवहारास आपल्या कक्षेत प्रामाण्य आहे, हे शंकराचार्यांनीही नाकारलेले नाही. फिल्टर असत्य सांगत नाही, कोणाच्या डोळ्यांच्या वतीने साक्ष द्यावयाची एवढेच तो मुक्रर करतो.

व्यवहारापुरते सांगायचे तर, फक्त हायड्रोजनची वाट मोकळी केलेल्या कॅमेऱ्यास दिवसा व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून देणे बहुधा पुरते. काच समूळ काढली असेल, तर अवरक्त प्रकाश तांबड्या, हिरव्या, निळ्या अशा तिन्ही रंगांच्या पिक्सेलांत शिरतो, आणि तेथे फिल्टरावाचून गत्यंतर नाही.