दामदुपट: फेडीचा धर्म आणि व्याजाची हद्द

थकलेले व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, या हिंदू धर्मशास्त्रातील नियमाला दामदुपट म्हणतात. शंभर रुपये दिले असतील, तर मध्ये दहा वर्षे जावोत की तीस, सावकाराला एकदम मागता येतात ते फार तर दोनशे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हा नियम आहे. याज्ञवल्क्याने जिन्नसागणिक हद्दी ठरवल्या: सोने दुप्पट, धान्य तिप्पट, वस्त्र चौपट, तेलातुपासारखे रस आठपट.

या उदारपणाचे कोडे पडते, कारण हेच शास्त्र ऋणकोच्या बाबतीत अतिशय कठोर आहे. तैत्तिरीय संहितेनुसार ब्राह्मण जन्मतःच ऋषी, देव आणि पितर यांचा ऋणी असतो. व्यवहारातल्या कर्जालाही स्मृतिकारांनी तेच गांभीर्य दिले. कर्ज बुडवून मेलेल्याला पुढच्या जन्मी धनकोच्या घरी राबावे लागते, अशी समजूत रूढ झाली. बापाचे कर्ज फेडणे मुलाचे धर्मकर्तव्य ठरले. जुगार आणि दारूपायी केलेल्या कर्जासारखी कर्जे तेवढी त्यातून वगळली. मृत्यूनेही न सुटणारे ऋण दुपटीपाशी का थांबावे?

स्मृतींत याचे कारण उलगडून सांगितलेले नाही, पण नियमांच्या मांडणीतून ते दिसते. धर्माचा भार आहे तो घेतलेले परत करण्यावर. काळ लोटला म्हणून वाढत जाणारे व्याज हा व्यापाराचा भाग. त्याला सवलत आहे, पावित्र्य नाही. म्हणूनच दरमहा ऐंशीवा हिस्सा, म्हणजे सव्वा टक्का, हा दर रास्त मानला गेला, चक्रवाढ निषिद्ध ठरली आणि ब्राह्मण-क्षत्रियांना व्याजबट्टा वर्ज्य झाला. सव्वा टक्क्याने रक्कम दुप्पट व्हायला 80 महिने लागतात. तिथे सावकाराचा हक्क संपतो, ऋणकोचे कर्तव्य मात्र उरते.

ही मांडणी निर्दोष नव्हती. मनूनेच वर्णानुसार दरमहा दोन ते पाच टक्के असे चढते दर सांगितले आणि सर्वांत जड दर शूद्राच्या वाट्याला आला. दुसरी फट कर्जखताची: व्याज मुद्दलात मिळवून खत नवे करण्याची मुभा मनूनेच दिली, मग दुपटीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शास्त्राने एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले, असे म्हणायला इथे जागा आहे. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा रोख सावकाराच्या खतांवरच होता. 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला.

वारकरी परंपरेतली तुकोबांची कथा याहून पुढे जाते. त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, पण भावाच्या वाट्याची आधी वेगळी काढून. हक्क सोडावा तो आपला, दुसऱ्याचा नव्हे, हा त्यातला बारकावा सहसा सांगितला जात नाही.

1855 मध्ये ब्रिटिशांनी व्याजावरचे कायदेशीर निर्बंध उठवले, तरी मुंबई इलाख्यात न्यायालयांनी दामदुपट पाळली. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्यातही मुद्दलापेक्षा जास्त व्याज घ्यायला बंदी आहे. बँकांची कर्जे मात्र त्याच्या कक्षेबाहेर आहेत. लहान व सीमांत शेतकऱ्यांच्या अल्पमुदती कर्जावरचे व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले आहे. क्रेडिट कार्डाला तशी हद्द नाही. दरमहा साडेतीन टक्के चक्रवाढीने थकबाकी सुमारे 20 महिन्यांत दुप्पट होते आणि पुढेही वाढतच राहते.

वसुलीची भाषा मात्र अजून जुन्याच धर्माची आहे. ‘बापाचं कर्ज मुलानं फेडायलाच हवं’ असे दरडावले की घरचे लोक दागिने मोडतात. मुंबई इलाख्यात 1866 च्या कायद्यानेच वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती ठेवली होती. 2005 मध्ये हिंदू वारसा कायदा दुरुस्त झाला. त्यानंतरच्या कर्जांसाठी मुलावर, नातवावर किंवा पणतूवर केवळ धर्मकर्तव्याच्या आधारे दावा लावता येत नाही. मुलगा स्वतः सहकर्जदार किंवा जामीन असेल, तर तो त्या सहीने बांधला जातो. तसे नसेल, तर बँकेचा हक्क मृताने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरताच असतो.