जोखीम कोणाच्या पदरी?



द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत (मत्तय २०:१-१६). मळ्याचा धनी पहाटेच बाजारात जातो आणि एका दीनारावर मजूर ठरवतो. नऊ वाजता, बारा वाजता, तीन वाजता तो पुन्हा जातो. दिवस मावळायला तासभर उरलेला असताना शेवटची फेरी मारतो, तर चौकात अजून माणसे उभीच. रिकामे का उभे, असे विचारल्यावर ती सांगतात की आम्हांला कोणी कामावर बोलावलेच नाही. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखाच दीनार पडतो, आणि पहाटेपासून राबलेले लोक कुरकुर करू लागतात.

या दाखल्यावर बहुधा देवाच्या कृपेविषयी प्रवचन होते. कोणी आधी आला, कोणी उशिरा आला, प्रभूच्या राज्यात सर्वांना जागा आहे, हा अर्थ बरोबरच आहे. पण आपण राळेगावची माणसे कापसाच्या मुलखात राहतो. वेचणीच्या दिवसांत सकाळी बायका डोक्याला रुमाल बांधून, कमरेला ओटी खोचून ऑटोत दाटीवाटीने बसून शेतांकडे जाताना आपण रोज पाहतो. म्हणून या दाखल्यातला एक साधा व्यवहारी प्रश्न आपल्याला इतरांपेक्षा लवकर सुचायला हवा. शेवटच्या मजुराचा दिवस फुकट गेला होता. त्यात त्याचा दोष नव्हता. मग त्या फुकट गेलेल्या दिवसाचे नुकसान कोणी सोसले?

धन्याने सोसले. आपल्या खिशातून.

आज आम्ही या एकाच गोष्टीवर थांबणार आहोत, कारण आपल्या तालुक्याने क्रांत्या पुष्कळ पाहिल्या आणि प्रत्येक वेळी हाच प्रश्न अनुत्तरित राहिला. (क्रांती हा शब्द तसा आपल्याकडे स्वस्त झाला आहे. हरित क्रांती झाली, धवल क्रांती झाली, आता कोणत्याही जाहिरातीत तो सापडतो.) आपल्याकडच्या क्रांत्या बंदूक घेऊन आल्या नाहीत. त्या सरकीच्या दाण्यातून आल्या.

पहिली आली इंग्लंडमधून. तिथे सूत यंत्रावर निघू लागले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस पुरेना. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला, आणि गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. वऱ्हाड १८५३ मध्येच निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले होते. तोवर इथला कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर लादून गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे, सुमारे पाचशे मैलांची वाट. वर्धा नदीपलीकडच्या हिंगणघाटच्या कापसाचे तर मोठे नाव होते. सरकारने खास कापूस कमिशनर नेमला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल तिथे सुरू झाली. जागोजागी जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले.

हे सर्व इतिहासाच्या पुस्तकांत प्रगती म्हणून लिहिलेले असते आणि ते खोटे नाही. रेल्वे आली, शाळा आल्या, पैसा खेळू लागला. पण त्याच वर्षांत एखाद्या घरात काय झाले असेल? ज्या बंजाऱ्याच्या तांड्याचे पोट बैलांवर होते, त्याचे बैल रेल्वेने रिकामे केले. ज्या घरात आजी रेचावर सरकी काढून सूत कातत असे, तिथे गिरणीचे सूत आले आणि तिचे दोन पैसे बंद झाले. जिथे ज्वारी पिकत होती तिथे पऱ्हाटी उभी राहिली, आणि शेतकरी धान्य विकत घेऊ लागला. अमेरिकेतले युद्ध संपले तसे १८६५ मध्ये कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईच्या शेअर बाजारात हाहाकार उडाला. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडातल्या माणसाला कळले की कापूस खाता येत नाही. लँकेशायरच्या एकाही कारखानदाराने इथल्या घराला विचारले नव्हते की तुम्हांला ही जोखीम झेपेल का.

याच काळात, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढले. नावाचा अर्थ ‘नव्या गोष्टींविषयी’. युरोपातल्या गिरण्यांत माणसे बारा-चौदा तास राबत होती, मुले कामाला जुंपली जात होती, आणि मालकांचे म्हणणे असे की मजूर स्वखुशीने आला, मजुरी ठरली, ती दिली, आता आमचा संबंध संपला. पोपमहाशयांनी या युक्तिवादाला हात घातला. मालक आणि मजूर यांच्यात खुशीचा करार झाला तरी त्याच्याही वर न्याय असतो, असे त्यांनी ठणकावले. कष्टाळू आणि काटकसरी माणसाचे पोट भरणार नाही इतकी मजुरी त्याने केवळ गरजेपोटी कबूल केली असेल, तर तो करार नसून जबरदस्ती आहे. रविवारची विश्रांती, कामगारांना संघटना करण्याचा हक्क, अधाशी सावकारीचा निषेध, हे सर्व त्या परिपत्रकात आहे. ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीचा पाया तिथे घातला गेला. ते लिहिले गेले कारखान्यांविषयी, पण त्या कारखान्यांत कातला जाणारा कापूस आपल्यासारख्यांच्या शेतांतून गेलेला होता, हे आपण आपल्या बाजूने जोडून वाचले पाहिजे.

पुढच्या क्रांत्या आपल्या आठवणीतल्या आहेत. १९७० मध्ये गुजरातेत एच-४ हे संकरित वाण तयार झाले. उत्पन्न वाढले, पण घरची सरकी पेरण्याचे दिवस सरले. संकरित बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते. १९७२ मध्ये महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. तिच्यात खोटी पुष्कळ होत्या, चुकारे रखडत, परंतु भाव पडला तर निदान एकटा शेतकरी पडत नसे. ती योजना पुढे मोडीत निघाली. आणि नेमक्या त्याच सुमारास, मार्च २००२ मध्ये, बीटी कापसाला परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमच्या एका पाकिटाला सुरुवातीला सोळाशे रुपयांच्या वर मोजावे लागत. २००६ मध्ये सरकारने दर उतरवला तेव्हा ते साडेसातशेच्या आसपास आले. बीटीमुळे बोंडअळीवरची फवारणी काही वर्षे खरोखर कमी झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आपली शेती बहुतांश पावसावरची. पहिला पाऊस पडला, पेरले आणि मग महिनाभर उघडीप झाली, तर पाकीट मातीत गेले. दुबार पेरणीला कृषी केंद्रातून उधारी. बियाणे बनवणाऱ्याला त्याचे पैसे मिळालेले असतात, विकणाऱ्याला मिळालेले असतात. पावसाची जोखीम राहते ती एकट्या पेरणाऱ्याची.

२०१७ साल आपण विसरू शकत नाही. गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद देणे सोडले होते. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, हवा कोंदट, आणि त्यात फवारणी. यवतमाळ जिल्ह्यात त्या हंगामात विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यांत दाखल झाली. त्यांतले कित्येक दुसऱ्याच्या शेतात रोजाने पंप पाठीवर घेणारे होते. पीक त्यांचे नव्हते, कर्जही त्यांचे नव्हते. फक्त श्वास त्यांचा होता.

आणि आता बंधुभगिनींनो, ज्या विषयावर आपण मिस्सा झाल्यावर अंगणातही हळू आवाजातच बोलतो, त्याविषयी बोलले पाहिजे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे यवतमाळचे नाव देशभर गेले. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. २००८ मध्ये कर्जमाफी झाली. मृताच्या कुटुंबाला एक लाखाची मदत मिळते, पण आधी ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असा शिक्का बसतो. सातबारा त्याच्या नावावर होता का, कर्ज बँकेचे होते का, वसुलीचा तगादा होता का? सावकाराचे कर्ज कागदावर नसते. बटईने केलेली जमीन कागदावर नसते. बाईने शेतात काढलेली वीस वर्षे तर कोणत्याच कागदावर नसतात.

सरकारच्या शिक्क्याविषयी बोलणे सोपे आहे. आपणही एक शिक्का मारतो. गावात कोणी असे गेले की तिसऱ्या दिवशी ओट्यावर चर्चा सुरू होते की तो पीत होता, घरात भांडण होते, मुलीच्या लग्नाला नको तेवढा खर्च केला. यातले काही खरेही असते. पण हे बोलताना आपण नकळत आपला हात झटकतो. आपल्यात आणखी एक जुनी भीती आहे. आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी मिळत नाही, असे वडीलधारी सांगत आले. १९१७ च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यांना तशी बंदी होतीही. १९८३ च्या संहितेत ती राहिली नाही. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात (२२८२-२२८३) आत्महत्या हे गंभीर पाप आहे असे सांगतानाच म्हटले आहे की मनाचा तीव्र विकार, भीती किंवा यातना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि अशांच्या तारणाविषयी आपण आशा सोडू नये. त्यांच्यासाठी ख्रिस्तसभा प्रार्थना करते. म्हणून कोणा विधवेला ‘त्याचा आत्मा कुठे गेला असेल’ असे विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिच्या घरी जाणे, यंदाच्या पेरणीला बियाणे कुठून आणणार हे विचारणे, तलाठ्याकडे तिच्यासोबत जाऊन सातबाऱ्यावर तिचे नाव चढले की नाही ते पाहणे, एवढे आपल्या हातात आहे.

८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोपमहाशयांनी लिओ चौदावे हे नाव घेतले. का घेतले, तेही त्यांनी दोनच दिवसांत कार्डिनलांना सांगितले. लिओ तेरावे यांनी पहिल्या औद्योगिक क्रांतीच्या वेळी कष्टकऱ्यांचा प्रश्न हाती घेतला होता, आणि आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या रूपाने दुसरी क्रांती दारात उभी आहे. हे ऐकून कोणाला वाटेल, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि राळेगाव यांचा काय संबंध? पण २०२५ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर मोबाइलवर ‘कपास किसान’ ॲपमध्ये नोंदणी करावी लागली. ज्याच्याकडे तसा मोबाइल नाही, ज्याला ॲप उमगत नाही, ज्याच्या नावावर जमीन नाही, तो व्यापाऱ्याच्या दारात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परदेशी कापसावरचे आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत माफ झाले, बोंडे फुटायच्या आधीच. लांब कुठेतरी एक निर्णय होतो आणि त्याची जोखीम इथल्या तीन एकरवाल्याच्या पदरी येऊन पडते. १८६५ ची गोष्ट जुनी झालेली नाही.

कोणी म्हणेल, मळ्याचा धनी श्रीमंत होता, त्याला परवडले. इथे शेतकरीच बुडालेला, तो मजुराला काय देणार? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला गोड उत्तर आमच्याजवळ नाही. तीन एकरवाल्याने एकट्याने धनी व्हावे असे प्रभू म्हणत असेल असे आम्हांला वाटत नाही. पण आपल्यात पगारदार आहेत, दुकानदार आहेत, व्याजाने पैसे फिरवणारेही आहेत, आणि चार मजूर कामाला लावणारे तर बरेच आहेत. धन्याचे काम वाटून घेता येते.

वेचणीचेच घ्या. मजुरी किलोवर ठरते. पहिल्या-दुसऱ्या वेचणीला बोंडे दाट असतात, बाईचा तोल भरतो. शेवटच्या वेचणीला, फरदडीला, बोंडे विरळ. तीच बाई, तेच ऊन, तेच दिवसभराचे वाकणे, पण काट्यावर निम्मेही भरत नाही. ती अकराव्या तासाचीच मजूर आहे, तिचा दिवस झाडाने फुकट घालवला. काही शेतकरी अशा वेळी किलोचा हिशेब सोडून रोज देतात. हे परवडत नसतानाही देणारे लोक आपल्या आसपास आहेत, आणि त्यांतले कित्येक ख्रिस्ती नाहीत. सीतादहीच्या दिवशी शेताची पूजा करून दहीभात ठेवणारी माणसे आहेत ती. मळ्याच्या धन्याची ओळख त्यांना आपल्याआधी पटलेली दिसते.

अनुवादाच्या पुस्तकात (२४:१४-१५) नियम आहे की गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. यंदा वेचणी सुरू झाली की आपल्यापैकी ज्यांची शेती आहे त्यांनी निदान आठवड्याचा हिशेब बाजाराच्या दिवसाआधी चुकता करावा, ‘कापूस विकल्यावर पाहू’ असे सांगू नये. फवारणीचा माणूस लावणाऱ्याने हातमोजे, मास्क आणि चष्मा स्वतःच्या पैशाने आणून ठेवावा. ज्यांच्या घरी शिकलेला मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी शेजारच्या दोन घरांची ॲपवरची नोंदणी करून द्यावी. आणि लघु ख्रिस्ती समूहांच्या या महिन्याच्या बैठकीत आपल्या गावातल्या एकट्या पडलेल्या शेतकरी विधवांची नावे आठवून लिहून काढावीत, कोणत्याही धर्माच्या असोत. ‘पात्र’ की ‘अपात्र’ तो रकाना त्या कागदावर ठेवू नये.