मागच्या सीटवरचा दोस्त

म्हैसूरला संध्याकाळी चामुंडी टेकडीच्या रस्त्यावर थोडा वेळ थांबावं. एका स्कूटरवर तिघे, हेल्मेट असलंच तर कोपरात अडकवलेलं. वळणावर समोरच्या बसला कट मारला की मागचा खुशीत ओरडतो, ‘होगो मगा, होगो!’ (जा रे पोरा, जा!). हँडल पुढच्याच्या हातात, पण गाडी पिळायला लावतो तो मागचा.

२००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. सोबत दोस्त असले की १३ ते १६ वर्षांची मुलं कितीतरी जास्त धोका पत्करत. चोविशीपुढच्यांना मात्र दोस्त असले काय, नसले काय, सारखंच. म्हणजे पोरांना नियम ठाऊक नसतात असं नाही. चारचौघांत भित्रट ठरणं त्यांना परवडत नाही.

आपल्या मोहिमा मात्र नियमच सांगत बसतात. रॅली, फलक, शपथ, पाहुण्यांना शाल-श्रीफळ. महाराष्ट्रातल्या शाळांत आरएसपीची, म्हणजे रोड सेफ्टी पेट्रोलची, मुलं शिट्टी घेऊन लहानग्यांना रस्ता पार करून देतात, ते उत्तमच. पण त्या शिट्टीमागे सरांचा धाक असतो. कॉलेजच्या पार्किंगमध्ये तो चालत नाही. तिथे वर्गातल्या गुणी मुलाला मोहिमेचा प्रमुख केलं की मोहीम बुडाली म्हणून समजा. माझं मत विचाराल तर सगळ्यात जोरात गाडी हाणणाऱ्यालाच गाठावं. ‘हेल्मेट नसेल तर माझ्या गाडीवर बसू नकोस’ हे त्याने म्हटलं तर कोणी हसणार नाही.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. बाल न्याय मंडळाने जामीन देताना त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, आणि देशभर संताप उसळला. निबंध परीक्षकासाठी लिहिला जातो, दोस्तापुढे तसं गुळगुळीत बोलून भागत नाही.

कागदच लिहायचा तर असा: अमेरिकेत १९८१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या एका शाळेत दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध मुलांची संघटना उभी राहिली. तिचा एक करारनामा होता. आपण प्यायलो असू किंवा गाडी चालवणारा प्यायलेला असेल, तर घरी फोन करायचा, हे मुलाने कबूल करायचं. पालकांनी कबूल करायचं की कितीही वाजले तरी न्यायला येऊ आणि त्या वेळी काही विचारणार नाही.

आपल्याकडे मुलं सही करतील, अडेल ते आईबापांचं. सोळाव्या वर्षी कायदा ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडीच चालवू देतो, आणि दहावी सुटताच क्लासला जायला आपण आईची ११० सीसीची स्कूटर देतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. ती किल्ली देताना कचरत नाही तो बाप रात्री साडेअकराला रिंग रोडवरून फोन आला की पहिलं विचारतो, ‘कोणाबरोबर आहेस?’ म्हणून पोरगा घरी फोनच करत नाही. ज्याच्या तोंडाला वास येतोय, त्याच्याच मागे बसतो.