बाड आणि त्याचे अवयव

घर बांधू पाहणाऱ्या गृहस्थास कर्जाची रक्कम बँकेकडून एकरकमी मिळत नाही. पाया भरला, जोते झाले, पहिला स्लॅब झाला, असे काम जसजसे वर चढते तसतसा एकेक हप्ता मोकळा होतो, आणि प्रत्येक हप्त्यापूर्वी झालेल्या खर्चाची रुजुवात द्यावी लागते. सिमेंटचे बिल, वाळूची रॉयल्टी पावती, सळईच्या गाडीची काटापावती, तयार काँक्रीटचे चलन, मजुरांचा हजेरीपट, वास्तुविशारदाचा दाखला, असे नाना हातांनी आणि नाना दिवशी लिहिले गेलेले कागद एकत्र करून त्यांची एकच पीडीएफ फाईल दाखल करण्याचा आता रिवाज पडला आहे. पूर्वी दफ्तरातला कारकून दाभणाने दोरा ओवून जे बाड बांधीत असे, ते आता एपीआयच्या द्वारे, म्हणजे एका संगणकप्रणालीने दुसरीस ठराविक रीतीने केलेल्या विनंतीने, क्षणार्धात बांधले जाते: हिशेबाची प्रणाली फायलींची क्रमवार यादी पाठविते आणि उत्तरादाखल एक अखंड फाईल तिच्या हाती येते.

या अखंडतेचा विचार करू लागलो की आपल्या दर्शनकारांचा एक फार जुना वाद मनात उभा राहतो. जोडून जे सिद्ध झाले ती खरोखर एक नवी वस्तू आहे, की अनेकांना सोयीसाठी दिलेले ते केवळ एक नाव आहे? मिलिंदपञ्हात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला त्याच्याच रथाविषयी विचारतो, की आस म्हणजे रथ काय, चाक म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय; आणि प्रत्येक वेळी नकार मिळाल्यावर ‘रथ’ हा निव्वळ व्यवहार आहे असे राजाच्याच तोंडून वदवून घेतो. याच्या उलट न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात अवयवांहून भिन्न असा अवयवी मानला आहे, आणि त्याच्या सिद्ध्यर्थ दिलेला एक हेतू असा की वस्तूचा एक भाग धरून ओढला असता सबंध वस्तू ओढली जाते. उदाहरणार्थ, तंतूंच्या ठायी पट समवायाने, म्हणजे अविभाज्य संबंधाने, राहतो. पट उत्पन्न होतो, पण तंतू नष्ट होत नाहीत, हे नैयायिकांच्या मताचे मर्म होय.

आता पीडीएफ जोडताना आत काय घडते ते पाहावे. १९९३ साली अडोबी कंपनीने प्रसृत केलेल्या आणि २००८ साली आंतरराष्ट्रीय मानक झालेल्या या रचनेत प्रत्येक फाईल हे क्रमांक दिलेल्या घटकांचे एक लहानसे संस्थान असते. कोणता घटक कोठे आहे हे सांगणारी एक सूची आणि जेथून पृष्ठांचा वृक्ष फुटतो असे एक मूळ, ही तिची राजमुद्रा. दोन फायली एकत्र आल्या की दोहोंतही पहिल्या क्रमांकाचा घटक असतो, म्हणून क्रमांक नव्याने द्यावे लागतात, नवी सूची लिहावी लागते, नवे मूळ रोवावे लागते, आणि जुनी मुळे गळून पडतात. पृष्ठे टिकतात, परंतु ज्या दस्तऐवजाची ती पृष्ठे होती तो दस्तऐवज टिकत नाही.

क्रमाचा प्रश्नही असाच सूक्ष्म आहे. अग्निहोत्राच्या वचनात होम आधी सांगितला आहे आणि यवागू, म्हणजे पेज, शिजविण्याचे नंतर. तथापि पेज होमासाठीच असल्यामुळे ती आधी शिजविली पाहिजे, आणि म्हणून पाठक्रमाहून अर्थक्रम बलवत्तर, असा मीमांसकांचा निर्णय आहे. ज्या क्रमाने बिले प्रणालीत येऊन पडली त्याच क्रमाने ती जोडली, तर स्लॅबच्या काँक्रीटचे चलन पायाच्या खोदाईच्या आधी येऊन बसते, आणि तपासनीसाला घर हवेतून खाली बांधलेले दिसते. यंत्र पाठक्रम पाळते; अर्थक्रम यादी करणाऱ्यानेच ध्यानात आणला पाहिजे.

पण खरी मेख आहे ती सहीत. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने ज्या डिजिटल सहीस मान्यता दिली ती कागदावरच्या आकृतीत नसते. फाईलमधील ठराविक अक्षरसमूहावरून गणिताने काढलेल्या आणि सही करणाराच्या खाजगी किल्लीने मुद्रित केलेल्या एका सारांकात ती असते, आणि त्या समूहातील एक अक्षर जरी बदलले तरी सारांक जुळत नाही. सिमेंटच्या व्यापाऱ्याने सही केलेले बिल जोडणीत घातले की त्याची सारी अक्षरे नव्या जागी, नव्या क्रमांकांनी मांडली जातात, आणि पानावर सहीची आकृती जशीच्या तशी दिसत राहिली तरी तिचे साक्षित्व संपलेले असते. पूर्वी अन्य प्रमाणाने ज्ञात झालेलेच पुन्हा सांगणाऱ्या वाक्यास मीमांसक अनुवाद म्हणतात, आणि अनुवादास स्वतंत्र प्रामाण्य नसते. जोडलेली फाईल ही अशीच अनुवादरूप आहे. प्रमाण आहे ते मूळ बिल.

म्हणून मला असे वाटते की या प्रकरणी नागसेन खरा की नैयायिक खरे, हे जोडणी कशी केली यावर अवलंबून आहे. मूळ फायली मोडून केलेल्या जोडणीत तंतूच तुटलेले असतात, आणि तेथे उरते ते केवळ नाव. परंतु पीडीएफच्या रचनेत मूळ फाईल अक्षरशः अविकृत अशी आत सोबत बाळगण्याची सोय आहे, आणि दीर्घकाल जतनासाठी २०१२ साली ठरलेल्या पीडीएफ/ए-३ या मानकाने तर कोणत्याही प्रकारची फाईल अशी पोटात ठेवण्यास मुभा दिली आहे. वर वाचनासाठी क्रमवार पृष्ठे आणि आत आपापल्या सहीसह जिवंत असलेली मूळ बिले, असे बाड सिद्ध झाले तर त्यात अवयवीही आहे आणि अवयवही आहेत. बाड हलले की सारे पुरावे त्याबरोबर हलतात, आणि त्यांतला प्रत्येक पुरावा स्वतःच्या सत्तेने बोलू शकतो.

अशा व्यवस्था उभारणाऱ्या अभियंत्यांना माझी कळकळीची विनंती आहे की जोडणी पुरी होताच मूळ फायली पुसून टाकणारी आज्ञा त्यांनी लिहू नये.