पिठाचा कोंबडा आणि प्लास्टिकचे विमान

लढाऊ विमानांच्या प्लास्टिक प्रतिकृती जोडण्याच्या छंदात १:७२ हे प्रमाण सर्वांत रुळलेले आहे. या प्रमाणात पावणेनऊ मीटर लांबीचे नॅट विमान जेमतेम १२ सेंटिमीटरचे होते आणि त्यातला वैमानिक उभा केला तर अडीच सेंटिमीटरही भरत नाही. चौकटीला चिकटून आलेले सुटे भाग कापून काढायचे, पॉलिश पेपरने कडा घासायच्या, सांधे भरायचे, अस्तराचा हात द्यायचा, मग मूळ विमानाच्या छायाचित्रांशी ताडून एकेक छटा चढवायची आणि पाण्यात भिजवून सोडवलेली चिन्हे व क्रमांक जागच्या जागी बसवायचे, असे हे काम आहे. त्यात इतिहासाची ओढ असते, हाताच्या कौशल्याचा आनंद असतो. तरीही एक प्रश्न त्याला चिकटून राहतो. माणसे मारण्यासाठी घडवलेल्या यंत्राचे रूप इतक्या प्रेमाने घडवणे अहिंसा मानणाऱ्या मनाला शोभते का? हिंसेच्या साधनाची प्रतिमा करणाऱ्याला हिंसेचा काही अंश लागतो का?

प्रतिमेतल्या हिंसेचा सर्वांत कठोर विचार भारतात जैन परंपरेने केला. यशोधर राजाची कथा तिथे पुन्हा पुन्हा सांगितली गेली. सोमदेवसूरींनी राष्ट्रकूटांच्या काळात, इ. स. ९५९ मध्ये, ‘यशस्तिलक’ हे चंपूकाव्य तिच्यावरच रचले. राजाला अशुभ स्वप्न पडल्याचे ऐकून त्याची आई देवीला पशुबळी द्यायला सांगते. जीवहत्या करायला राजा तयार होत नाही. आईचा शब्द मोडणेही त्याला जड जाते. शेवटी पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी द्यायचा, अशी तडजोड निघते. रक्ताचा थेंब सांडत नाही, जीव कोणाचाच जात नाही. तरी मायलेकांना त्या कृत्याचे फळ म्हणून पशुपक्ष्यांच्या योनीत जन्मामागून जन्म घ्यावे लागतात आणि प्रत्येक जन्मात त्यांचा अंत हिंसेनेच होतो.

ही शिक्षा अवाजवी वाटू शकते, पण कथेतला तर्क चोख आहे. राजाने सुरी चालवली ती कोंबडा मारतो आहोत असे मनात धरूनच. समोर पीठ होते, संकल्प मात्र वधाचा होता, आणि पाप संकल्पाला लागले. जैन आचारशास्त्र हिंसेचे जे भेद करते त्यांत संकल्पी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे वर्ज्य आहे. चूलपोतेऱ्यात आणि घर चालवताना घडणारी आरंभी हिंसा, शेतीव्यापारात घडणारी उद्योगी हिंसा आणि रक्षणासाठी करावी लागणारी विरोधी हिंसा त्याला सर्वस्वी टाळता येत नाही, हे त्या शास्त्रालाही मान्य आहे.

यशोधराचा न्याय प्लास्टिकच्या विमानाला सरळ लावता येत नाही. पिठाचा कोंबडा मारण्यासाठी केला होता; प्रतिकृती जपण्यासाठी केली जाते. मात्र एका गोष्टीत दोन्ही सारखी आहेत. तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्या अध्यायात कोणत्याही वस्तूचा विचार नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव अशा चार अंगांनी करायला सांगितले आहे. यातली स्थापना म्हणजे एका वस्तूच्या ठिकाणी ‘ही ती आहे’ असे ठरवणे. बुद्धिबळातल्या सोंगटीला घोडा किंवा राजा मानतात तिथे आकार जुळत नाही. मूर्तीत किंवा चित्रात तो जुळतो. दोन्ही स्थापनाच. विमान रंगवणारा ज्या क्षणी शेपटीवर विशिष्ट क्रमांक आणि विशिष्ट तुकडीचे चिन्ह बसवतो, त्या क्षणी तो हीच स्थापना करत असतो. त्याच्या टेबलावरची वस्तू तेव्हापासून ‘एक नॅट’ राहत नाही, ‘ते नॅट’ होते.

पुण्याच्या महात्मा फुले मंडईच्या परिसरात ही गोष्ट वर्षातून तीनदा उघड दिसते. भाद्रपदात गणेशमूर्ती विक्रीला येतात. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती मातीची वस्तू असते, तिचा भाव ठरतो. प्रतिष्ठेनंतर तिच्याशी वागण्याचे नियम बदलतात. आश्विनात खंडेनवमीला आणि दसऱ्याला शस्त्रांबरोबर हत्यारे, वजनकाटे, यंत्रे यांची पूजा होते. शस्त्र पूज्य ठरते ते धारदार आहे म्हणून नव्हे, तर ते हाती घेणाऱ्यावर मर्यादा पडावी म्हणून, असे या पूजेकडे पाहता येते, आणि तेच पाहणे योग्य आहे. मग दिवाळी तोंडावर येते. मंडई-तुळशीबागेच्या रस्त्यांवर किल्ल्यावरची चित्रे मांडली जातात: सिंहासनावरचे शिवाजी महाराज, भालाईत मावळे, घोडेस्वार, तोफा. मुले ती घेऊन दगडमातीचा किल्ला सजवतात. ही युद्धाचीच प्रतिकृती आहे, आणि मावळ्याच्या हातात तलवार दिली म्हणून मुलावर क्रौर्याचा संस्कार झाला, असे महाराष्ट्रात कोणी मानत नाही.

या किल्ल्याची मांडणी नीट पाहण्यासारखी आहे. बुरुज आणि तोफा वर असतात. खाली गाव असते. विहीर असते, पाणी भरणारी बाई असते, भाजीवाली असते, हळीव किंवा मोहरी पेरून उगवलेले हिरवे शेत असते. प्रमाण कशाचे कशाशी जुळत नाही. मावळा दरवाजाहून उंच असतो. तरी शस्त्र कोणासाठी आहे आणि त्याच्या छायेत कोण राहते, हे त्या मातीच्या ढिगात दिसते. विमानाच्या प्रतिकृतीत प्रमाण मिलिमीटरपर्यंत जुळते आणि नेमके हेच दिसत नाही.

त्याला कारण करणाऱ्याचे मन नव्हे, मोजमाप आहे. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब टाकणाऱ्या ‘इनोला गे’ या बी-२९ विमानाची १:७२ प्रतिकृती सुमारे ४२ सेंटिमीटर लांब आणि पंखांच्या टोकांपर्यंत ६० सेंटिमीटर रुंद होते. ती एका टेबलावर मावते. विमान त्या वेळी साधारण साडेनऊ हजार मीटर उंचीवर होते. त्याच प्रमाणात खालचे शहर दाखवायचे तर ते टेबलाखाली सुमारे १३० मीटर खोल मांडावे लागेल. ज्या शहरात त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत अंदाजे १,४०,००० माणसे मेली, ते शहर प्रतिकृतीच्या चौकटीत येऊच शकत नाही. बॉम्बफेकी विमानाची प्रत्येक प्रतिकृती अशी जमीन वगळूनच पूर्ण होते. तिच्यातली खरी नैतिक अडचण ही आहे. शस्त्राचे सौंदर्य ही नव्हे.

संकल्प बदलला की हीच वस्तू किती बदलते, याचा दाखला दुसऱ्या महायुद्धात सापडतो. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून १:७२ प्रमाणातल्या पाच लाख लाकडी विमानप्रतिकृती करून घेण्याची योजना आखली. त्या काळ्या रंगवलेल्या असत, कारण आकाशात दिसणारी आकृती मित्राची की शत्रूची हे नुसत्या बाह्यरेषेवरून ओळखण्याचा सराव सैनिकांना द्यायचा होता. त्या मुलांचे काम थेट बंदुकीच्या नेमाशी जोडलेले होते. त्यातून आपलीच विमाने पाडली जाणे टळावे, हाही हेतू होता. ती विरोधी हिंसेचीच तयारी होती. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने १९५३ मध्ये स्पिटफायरचा प्लास्टिक संच काढला तेव्हा युद्ध संपून आठ वर्षे झाली होती. आकार तोच राहिला, पण त्यामागचा संकल्प आता स्मरणाचा होता.

स्मरणाला मात्र खरेपणाची अट असते. जर्मन कायद्यात नाझी चिन्हांवर बंदी असल्याने अनेक संचांच्या खोक्यांवरील चित्रांत जर्मन विमानांच्या शेपट्या कोऱ्या दाखवतात. कायद्यामागचे कारण रास्त आहे. पण चिन्ह गाळल्याने विमान निष्पाप होत नाही, आणि ते बसवल्याने रंगवणारा नाझी होत नाही. प्रश्न त्याला काय ठाऊक आहे आणि बघणाऱ्याला तो काय सांगतो, याचा आहे. चांगले कारागीर एक्झॉस्टची काजळी, खरवडलेला रंग, चिखलाचे शिंतोडे आवर्जून दाखवतात. जो एवढे काळजीपूर्वक पाहतो, त्याने विमानाच्या पोटाखालचे बॉम्ब कुठे पडले हेही तितक्याच काळजीने पाहावे, ही अपेक्षा जास्त नाही.

या कसोटीवर सगळी विमाने सारखी ठरत नाहीत. भारत-पाकिस्तान युद्धात १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या तळावर चालून आलेल्या सेबर विमानांशी नॅट घेऊन लढताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों यांना वीरमरण आले. भारतीय हवाई दलातले ते एकमेव परमवीरचक्र मानकरी. त्यांच्या नॅटची प्रतिकृती रक्षणाची आणि बलिदानाची स्थापना आहे, आणि ती कोणत्याही घरात निःसंकोच ठेवता येते. पुण्याच्या लोहगाव तळावर बराच काळ असलेल्या कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांचे तसे नाही. त्याच युद्धात कॅनबेरांनी रात्रीच्या मोहिमा केल्या. देशाच्या रक्षणासाठी त्या आवश्यक होत्या असे म्हणता येते, आणि त्या उड्डाणांखाली माणसे होती हेही त्याच वाक्यात म्हणावे लागते.

म्हणून बॉम्बफेकी विमानाची प्रतिकृती करण्यात पाप नाही; ती अर्धवट सांगण्यात दोष आहे. तो दूर करण्याचा उपाय छंदाच्या आवाक्यातला आहे. प्रतिकृतीच्या बैठकीवर पाटी लावण्याची पद्धत आहेच, आणि तिच्यावर विमानाचा प्रकार, तुकडी व वैमानिकाचे नाव येते. बॉम्बफेकी विमान रंगवणाऱ्याने त्या पाटीवर आणखी एक ओळ वाढवावी: ज्या तारखेचे विमान रंगवले आहे ती तारीख, आणि त्या दिवशी त्याच्याखाली असलेल्या गावाचे नाव.