डीकन म्हणजे अर्धे पाळक?

प्रश्न : आम्ही मूळ नगरकडचे, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले. नोकरीमुळे तळवड्यात राहतो. सासरे अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेत. पाळकसाहेबांऐवजी नवे डीकन भेटीला आले. वचन वाचलं, प्रार्थना केली. पण प्रभुभोजन मागितलं, तर म्हणाले, "ते मला करता येत नाही, साहेबांना सांगतो." शेवटी आशीर्वादाला हातही वर केला नाही, "तुम्हांबरोबर असो" न म्हणता "आपणा सर्वांबरोबर असो" म्हणाले. सासऱ्यांना फार लागलं. आम्ही साधी माणसं म्हणून आमच्याकडे शिकाऊ पाठवला का?
— एक भगिनी, तळवडे

उत्तर : ताई, सासऱ्यांना आधी हे सांगा, की त्या मुलानं त्यांचा मान राखला. जे आपल्या हाती सोपवलेलं नाही, ते त्यानं उगाच केलं नाही.

तुमच्या जुन्या मंडळीत पाळकाची दीक्षा एकदाच होई. अँग्लिकन वळणात पायऱ्या तीन : डीकन, प्रीस्ट (म्हणजे पाळक), बिशप. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा हे दोन्ही प्रवाह एकत्र आले आणि बिशपांची व्यवस्था सर्वांची झाली. डीकन शुभवर्तमान वाचतो, प्रभुभोजनात प्याला देतो, परवानगी असेल तर उपदेश करतो, पाळक नसताना बाळाचा बाप्तिस्माही करतो. मात्र भाकर-द्राक्षारसावरची समर्पणाची प्रार्थना, पापक्षमेची घोषणा आणि आशीर्वाद पाळकाकडेच राहतात. म्हणून डीकन आशीर्वाद मागताना स्वतःलाही त्यात धरतो.

अर्धा पाळक म्हणाल, तर फिलिप्प आठवा. पहिले डीकन मानतात, त्या सातांपैकी एक. शोमरोनात त्यानं सुवार्ता सांगितली, बाप्तिस्मे केले. हात ठेवायला मात्र यरुशलेमेहून पेत्र व योहान आले. त्यानं फिलिप्पाचं काम हलकं ठरलं नाही.

आणखी एक. 1662 च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात डीकनाच्या दीक्षेत त्याला काम नेमून दिलंय : आजारी आणि गोरगरीब शोधावेत, त्यांची नावं पाळकाला कळवावीत. "साहेबांना सांगतो" हे त्याचं वाक्य त्याच कामाचं आहे. आपल्या कारखानदारी पट्ट्यात तर हे काम फार मोलाचं. बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, त्यात पाळ्या. रविवारी उपासनेला न दिसणारी माणसं दार वाजवल्याशिवाय सापडायची नाहीत.

आता पाळकसाहेबांना विनंती करा, की रविवारच्या प्रभुभोजनातली भाकर व द्राक्षारस सासऱ्यांसाठी राखून ठेवावेत. बिशपांची संमती असेल, तर डीकन ते घरी आणू शकतो. ते प्रभुभोजन तेच असतं, तसूभरही कमी नाही. पण महिने गेले तरी पाळकसाहेब स्वतः उंबऱ्याशी आले नाहीत, तर तुमची तक्रार रास्त आहे. पास्टोरेट कमिटीत ती मोकळेपणानं मांडा. बंगल्यांवर पाळक आणि चाळीत फक्त डीकन, अशी वाटणी कुठे होत असेल, तर ते पाप आहे.

प्रश्न : घरप्रार्थनेला आलेल्या डीकनाला पाकीट द्यावं का?
— एक वाचक, चिखली

उत्तर : प्रार्थनेचं मोल म्हणून देऊ नका. कृतज्ञतेचं दान मंडळीत द्या, पावती घ्या. तो मोशीहून स्वतःच्या दुचाकीवर रात्री आला असेल, तर पेट्रोलचे पैसे मंडळीनं द्यावेत, असं खजिनदाराला सांगा. आणि त्याला जेवू घाला.